मदत हवी आहे: हिटिंग स्ट्रीक नक्की तुटते कधी?

मंडळी, न्यू जर्सीत आल्यापासून मुलाच्या नादाने बेसबॉल बघायला लागलोय, पण डोकं अजून क्रिकेटचंच. जुना बेसबॉलपटू जो डिमॅजिओने 1941 मध्ये सलग 56 मॅचमध्ये निदान एकेक हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं) मारला, म्हणजे 56 ची हिटिंग स्ट्रीक, ते कळलं. दुसरा एक प्लेअर जिमी रोलिन्स, त्याची 38 ची स्ट्रीक तर 2005 मध्ये सुरू होऊन 2006 च्या सीझनमध्ये संपली, म्हणजे मधे आख्खा हिवाळा गेला तरी जिवंतच, मग प्लेअर 10 दिवस इंजर्ड लिस्टवर गेला तरी तुटत नसणार ना? पण त्याला खाली ट्रिपल-ए (मेजर लीगच्या खालची पायरी) टीमकडे पाठवला आणि तिथे तो एकही हिट न मारता परत आला तर ते धरतात का? आणि काल एकाला चारही वेळा वॉक (चार वाईट बॉल पडले की फुकट पहिला बेस) मिळाला, हिट शून्य, मुलगा म्हणतो स्ट्रीक चालू, मी म्हणतो संपली. वडापावची पैज लागलीये, लवकर सांगा!