गालिचा, किलीम, गब्बे, जाजम : फरक काय?

एका दुकानात जाड केसाळ लोकरी प्रकाराला गब्बे म्हणाले आणि पातळ सपाट होता त्याला किलीम. आपण मराठीत सगळ्यालाच गालिचा म्हणतो ना? की चुकतंय?

→ चुकतंय थोडं, कारण ही नावं विणीवरून पडलीत. गालिच्यात उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून टोकं कापतात, त्याची लव उभी राहते. किलीमला गाठच नाही, नुसता ताणाबाणा. गब्बे म्हणजे गालिचाच, पण लव लांब आणि गाठी ढोबळ. तो इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई आणि लुर भटक्यांचा, उन्हाळ्यात झाग्रोसच्या डोंगरात आणि थंडीत खाली आखाताकडे मेंढरं घेऊन फिरणारे हे लोक, लोकर पुरुष कातरतात आणि कातणं, रंगवणं, विणणं सगळं बायकांचं. माग जमिनीवर आडवा, खुंट्या ठोकून ताणलेला, मुक्काम हलला की अर्धा विणलेला गालिचा मागासकट गुंडाळायचा आणि पुढच्या जागी परत ताणायचा, म्हणून कडा थोड्या वाकड्या येतात. मला तर त्या वाकड्या कडाच फार आवडतात. गब्बे मुळात विकायला नव्हतेच, तंबूत स्वतःला अंथरायला विणायचे.

आणि एकाच लाल रंगात मध्येच फिकट पट्टा दिसला तर डाग समजू नका प्लीज. मंजिष्ठाच्या मुळ्यांत लोकर थोडी थोडी रंगवतात, दर खेपेला छटा बदलते. त्याला अब्राश म्हणतात.

→ गालिचा शब्द फारसीच ना?

→ हो. फारसीत काली म्हणजे मोठा गालिचा, त्याला लहान आकार दाखवणारा 'चे' लागला की कालीचे. म्हणजे गालिचा म्हणजे खरं तर छोटा गालिचा, आपण मात्र हॉलभर पसरलेल्यालाही तेच म्हणतो 🙂 जाजमपण तिकडचंच. भटके लोक अरुंद पट्ट्या विणून एकमेकींना शिवतात आणि तंबूत रचलेल्या अंथरुणांवर घालतात, ते जाजीम. आपल्याकडे लग्नाकार्यात जमिनीवर पसरायचं कापड झालं.

→ मग घोंगडी कशात बसते?

→ लव नाही, म्हणून गालिच्यात नाहीच. साधी सपाट वीण. लोकर धनगरांच्या मेंढ्यांची, विणणारे सनगर, आणि वर चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवी घोंगडी एवढी ताठ असते. शिवाय ती अंथरायची तशी पावसात अंगावरही घ्यायची, किलीम कोण पांघरतं?