बेसमेंटच्या भिंतीला खालून ओल चढलीये, नुसता रंग मारून भागेल का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये न्यू जर्सीत घर घेतलं, बेसमेंट आधीच्या मालकानेच फिनिश केलेलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि आता एका भिंतीला खालून वीतभर तपकिरी डाग आलाय, बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी) फुगलाय, बोटाने दाबलं की भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते, कुबट वास तर खोलीभर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्रायमर मारून वर रंग देतो, झालं काम. साताऱ्याला आम्ही पोपडे खरवडून परत गिलावा करायचो, इथे तसंच चालतं का? आई आलीये, ती खालीच झोपते आणि तिला दमा आहे, त्याचंच टेन्शन आहे.

रिमॉडेलवाला:
आधी आईंना आजच वरच्या खोलीत न्या, बाकीचं नंतर. आणि रंग अजिबात मारू नका. सिमेंटचा गिलावा भिजला तरी वाळून टिकतो, पण इथली भिंत ड्रायवॉलच्या बोर्डची, म्हणजे अर्धा इंच जिप्सम आणि दोन्हीकडून कागद, आणि तो कागद हेच बुरशीचं खाणं. २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरू शकते, बरेचदा मागच्या बाजूने, म्हणजे तुम्हाला पुढून काहीच दिसणार नाही. दाबल्यावर आत जातेय तो भाग गेलाच, वाळवून कडक होणार नाही. डागाच्या वर फूटभर तरी जाऊन सरळ आडवं कापा, मागचं फायबरग्लास (थंडी अडवणारा कापसासारखा थर) भिजलं असेल तर तेही फेका, लाकडी स्टड (बोर्ड ज्यांवर ठोकतात ते उभे खांब) मॉइश्चर मीटरवर १५-१६ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत नवीन बोर्ड लावायचाच नाही. २०२१ ला आयडा वादळानंतर ज्यांनी घाई केली त्यांच्या भिंती मी पुढच्या उन्हाळ्यात परत फोडल्यात. नवा बोर्ड फरशीला टेकवू नका, अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर समईच्या वातीसारखं पाणी वर ओढलं जातं. कापताना एन ९५ मास्क घाला. बुरशी १० चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर मात्र स्वतः हात घालू नका, त्यातल्या माणसाला बोलवा.

पावसाळी:
पण पाणी येतंय कुठून ते आधी बघा ना! भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. छताच्या गटरचा पाइप पायाशीच पाणी सोडत असेल तर त्याला जोड देऊन ते लांब न्या, आणि मातीचा उतार घरापासून बाहेर हवा, १० फुटांत ६ इंच तरी. ते न करता हिरवा बोर्ड (ओलीच्या जागी लावतात तो ड्रायवॉल) लावून उपयोग नाही, तो ओल थोडी जास्त सोसतो एवढंच, वॉटरप्रूफ नसतो.

एडिसनकर:
खूप आभार दोघांचे. आई वर झोपतेय. शनिवारी कापलं, मागे चार-पाच चौरस फूट काळी बुरशी होती, बाहेर पाइपचा जोडच निखळलेला. तो बसवला, डिह्युमिडिफायर लावला, आर्द्रता ७० वरून ५० वर आलीये. स्टड आणि बोर्डच्या मध्ये प्लास्टिकची शीट निघाली, ती परत लावू का?

रिमॉडेलवाला:
नको, काँक्रीटमधून येणारी ओल तिच्यामागे अडकून स्टड कुजतात. काँक्रीटलाच चिकटवून फोम बोर्ड लावा. आणि अजून दोन मोठे पाऊस होऊ देत, तोवर भिंत उघडीच राहू द्या.