‘आदिवासी दवाखान्यात येतच नाहीत’ : या वाक्याला उत्तर

पर्लकोटाकाठचा:
काल इथे एकाने लिहिलं, की गडचिरोलीत दवाखाने आहेत, १०८ ची रुग्णवाहिका आहे, बाळंतपणाचे पैसेही मिळतात. पण हे लोक आजारपणात पूजा करणाऱ्या गावच्या पुजाऱ्याकडेच जाणार, मग सरकारला दोष कशाला? वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं गाव भामरागड तालुक्यातलं. वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा मधल्या नाल्याला छातीभर पाणी होतं. खाट उलटी केली, पायांना दोर बांधले, मधून बांबू घातला आणि चौघांनी आळीपाळीने खांदा दिला. वरून पाऊस, म्हणून वहिनीच्या अंगावर युरियाची पोती शिवून केलेली ताडपत्री. डांबरी रस्त्याला लागायला पाच तास गेले. गाडी उभी होती, खोटं कशाला बोलू. पण रुग्णालयात पोचलो तर भूल देणारा डॉक्टर नव्हता, म्हणून पुढे पाठवलं. जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. बाळ आलापल्लीच्या अलीकडेच गेलं.

या सगळ्यात पुजारी कुठे आला, ते सांगा.

निवृत्त आरोग्यसेवक:
भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे. पण एका घरावरून जिल्हा ठरत नाही. एटापल्लीकडे २६ वर्षं काढली मी. तारखेच्या आधी माहेरघरात, म्हणजे दवाखान्याजवळच्या गरोदर बायकांच्या मुक्कामाच्या खोलीत, येऊन राहा, खायला-प्यायला मिळेल, हे सांगून घसा बसायचा. येत नसत. तापाने फणफणलेलं लेकरू तीन दिवस पूजेत आणि झटके यायला लागले की माझ्या दारात. असं एक लेकरू माझ्या मांडीवर गेलं. बाळंतिणीला कुर्माघरात, म्हणजे पाळीच्या बायकांसाठीच्या वेगळ्या झोपडीत, ठेवतात, त्यावर कोणी का लिहीत नाही?

पर्लकोटाकाठचा:
काका, ऐन रोवणीत, घरी दोन लहान पोरं टाकून बाई आठ दिवस माहेरघरात कशी राहील? याला अंधश्रद्धा म्हणता?

धानोऱ्याची:
पुरावा याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायचं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लोक तेच होते. उपचार दारात आले.

निवृत्त आरोग्यसेवक:
ती गावं भामरागडची नव्हेत. आणि तिथे पाठीशी संस्था होती. सरकारी उपकेंद्रात एकटं बसून पाहा.

बाँडवाली:
‘डॉक्टर नव्हता’ असं सगळेच लिहितात, म्हणून मीही लिहिते. एमबीबीएसनंतर सरकारी दवाखान्यात सक्तीने करायचं बाँडचं वर्ष याच जिल्ह्यात केलं. क्वार्टरच्या दाराला आतून कडी नव्हती. पहिले पंधरा दिवस दाराला टेबल लावून झोपले. पगार चार महिने थकला. एका रात्री साप चावलेला माणूस आला, पापण्या मिटायला लागलेल्या. प्रतिविषाच्या दहाच कुपी होत्या, त्या सगळ्या लावल्या. वीज गेलेली, सिस्टर मोबाइलचा उजेड धरून. तो वाचला. पुढच्या महिन्यात नव्या कुपी येईपर्यंत मी रोज देवाला हात जोडत होते.

कोरचीचा:
सरकारी कॉलेजात जनतेच्या पैशाने शिकलात. एका वर्षाचे उपकार सांगू नका. तुमच्यातले कितीतरी दहा लाख भरून बाँडमधून सुटले.

बाँडवाली:
मी भरले नाहीत, मी आले. शिव्या मात्र आलेल्यालाच. तुमच्या घरची मुलगी पाठवाल त्या क्वार्टरमध्ये?

कोरचीचा:
माझी बहीण सहा वर्षं तिथेच नर्स आहे. कंत्राटी. तिला एका वर्षानंतर सुटका नाही.

बाँडवाली:
मग त्या दाराची कडी कशी असते ते तिला विचारा. तिच्यासमोर मी गप्प बसेन, तुमच्यासमोर नाही. वहिनींचं वाचून वाईट वाटलं. पण बाँडवर आलेला एमबीबीएस सिझेरियन करू शकत नाही. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी, एकाच इमारतीत लागतं. जिल्ह्याला आता मेडिकल कॉलेज मिळालंय, पण ते गडचिरोली शहरात. नाल्यापलीकडच्या बाईला त्याचा काय उपयोग?

आशाताई:
डॉक्टरवरून काहून भांडून राहिले तुम्ही सगळे? गावात रात्री दार आमचंच वाजते. बाळंतीण दवाखान्यातून आली की ४२ दिवसांत सहा भेटी, वजन, ताप, नाळ, सगळं बघायचं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. तेही कधी पडतील ते पोर्टलले माहीत.

आणि काका, पुजाऱ्यावर रागवून काय होते? मी आमच्या पुजाऱ्याच्या घरी जाऊन बसली. त्याच्याच नातवाले ताप होता. बोटाला टोचून किटवर थेंब टाकला, दोन रेषा उमटल्या. मलेरिया. गोळ्या पुऱ्या खाऊ घातल्या, पोरगा खेळायले लागला. तेव्हापासून तो तापाच्या माणसाले म्हणते, आधी आशाकडे जाऊन ये, मग पूजा करू.

निवृत्त आरोग्यसेवक:
हे तुमच्या गावापुरतं असेल. सगळे पुजारी तसे नसतात. तरी पुजाऱ्याच्या घरी जाऊन बसावं, हे २६ वर्षांत मला सुचलं नाही, एवढं मान्य करतो. कुर्माघराबद्दल बोललो ते मागे घेत नाही.

पर्लकोटाकाठचा:
घेऊ नका. आमच्या घरातही त्यावरून भांडण आहे. वहिनीच आता तिथे जायला नाही म्हणते.

आशाताई:
आमच्याकडच्या मलेरियाच्या किट संपून नऊ दिवस झाले. मंगळवारी पुजाऱ्याने तीन जण पाठवले, तिघांले तसंच परत पाठवलं. काका, तालुक्याच्या स्टोअरात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का अजून?