जुनं भाड्याचं घर: खिळा न ठोकता भिंत सजवायची आहे

उंबरठा:
तिसऱ्या मजल्यावरचं जुनं घर भाड्याने घेतलंय. भिंतीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. एका भिंतीला खालून दोनेक फूट पोपडे आलेत. जमीन मोझॅकची, डागाळलेली. करारात खिळे, ड्रिल आणि रंगकाम, तिन्हीला बंदी. चिकटवायचे हूक लावले तर दुसऱ्या दिवशी रंगासकट खाली. बैठकीची एक भिंत कापडाने किंवा वॉलपेपरने मढवायची आहे, शिवाय दिव्यांचा उजेड फार पांढरा वाटतो. डिपॉझिट अख्खं परत मिळेल असं काय करता येईल?

खळबत्ता:
सुती कापड आणि खळ! पाव वाटी कॉर्नफ्लोअर तेवढ्याच थंड पाण्यात कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडा आणि पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. गार झाली की ब्रशने भिंतीला लावा, कापड वरून खाली बसवत न्या, वरून आणखी एक हात द्या. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर सुकताना आटतं आणि जोड उघडे पडतात. काढताना ओल्या स्पंजने भिजवलं की सोलून येतं, उरलेली खळ पुसून घ्यायची.

रंधा:
कृती बरोबर आहे, पण या भिंतीवर नको. भुकटी लागते म्हणजे साधा डिस्टेंपर किंवा चुना. तो पाण्याने सुटतो. खळीच्या पाण्याने भिजेल आणि काढताना कापडाबरोबर पापुद्रेच येतील. ऑइल पेंट किंवा धुता येणाऱ्या इमल्शनवरच खळ लावावी. खात्री करायची तर दाराआडच्या कोपऱ्यात काळं ओलं फडकं घासून बघा. पांढरं झालं तर भिंतीला काहीही चिकटवायचं नाही. वॉलपेपरही त्यात आलाच.

हूकचंही तेच. गोंद रंगाला घट्ट धरतो, रंगच भिंतीला धरत नाही. दारं-खिडक्यांच्या चौकटी बहुधा ऑइल पेंटच्या असतात, तिथे हूक टिकतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (साबणाने नको, थर राहतो), अर्धा मिनिट दाबून धरा, तासभर वजन लावू नका. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच वजन धरा. काढताना पट्टी स्वतःकडे ओढू नका, चौकटीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणा.

भिंत मढवायला कापडाची चौकट करा. दोन बाय एक इंची लाकडी पट्ट्या, चारही कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्टी आणि मधे एक आडवी पट्टी. दोन्ही कर्ण मोजा; सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, तिथेच थांबून दुरुस्त करा. कापड स्टेपल करताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने, दोन इंचांवर एक पिन, कोपरे सर्वांत शेवटी. कोपरे आधी मारले की तिरप्या सुरकुत्या पडतात आणि मग त्या जाता जात नाहीत. चौकट जमिनीवर उभी करून भिंतीला टेकवा, खाली फेल्टचे तुकडे लावा आणि वरून दोरीने व्हेंटिलेटरच्या गजाला बांधा. नुसती टेकवून ठेवू नका, घरात मुलं असोत वा नसोत. फोटोंच्या फ्रेमही याच चौकटीच्या आडव्या पट्टीवर टांगता येतील, हलक्या असल्या तर.

पोपडा:
ती पोपड्यांची भिंत झाकायची घाई नको. तिसऱ्या मजल्यावर जमिनीतली ओल चढत नाही. पलीकडे न्हाणीघर आहे का?

उंबरठा:
हो, नळ त्याच भिंतीवर आहेत.

पोपडा:
मग पाइप किंवा टाइलच्या फटींतून पाणी मुरत असणार. फुटभर चौरस अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने लावा (भुकटीवर टिकत नसेल तर पुठ्ठ्याने दाबून ठेवा) आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल आतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. आतली निघाली तर फोटो काढून घरमालकांना लेखी कळवा. झाकली तर मागे बुरशी धरेल आणि घर सोडताना तीच तुमच्या नावावर पडेल. कपाटही या भिंतीपासून तीन इंच लांब ठेवा.

मंदवात:
उजेडासाठी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे घ्या. आताचे ६५०० चे असणार. एलईडी पट्टी लावायची तर रंधा यांनी सांगितलेल्या चौकटीच्या मागच्या लाकडाला चिकटवा, भिंतीला नको. जुन्या घरात सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून बघून घ्या. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडणं टाळाच.

मोझॅकवर व्हिनेगर, लिंबू, संडासाचं अ‍ॅसिड काहीही टाकू नका. त्यातला संगमरवर आणि सिमेंट खाल्लं जातं, चकाकी जाते ती पॉलिश केल्याशिवाय येत नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि वर सतरंजी. ती सरकत असेल तर खाली जाळीदार मॅट, पण दुहेरी टेप मात्र नाही.

उंबरठा:
फॉइल आजच लावतो. चौकट सहा फूट उंच केली तर आडवी पट्टी एक पुरेल का?

रंधा:
सहा फुटांना दोन घ्या, दोन-दोन फुटांवर. एकीवर कापडाच्या ताणाने उभ्या पट्ट्या आत वाकतात.