उन्हाळ्यात लिंबाची बिअर: घरी जमते का, की विकतच आणावी?

वाळ्याचा_कूलर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय.

गेल्या जूनमध्ये लेकीकडे म्युनिकला गेलो होतो. एका दुपारी नदीकाठाने सायकली हाणून आलो आणि एका बिअरगार्डनमध्ये झाडाखाली टेकलो. लेकीने मला न विचारताच दोन रॅडलर, म्हणजे लिंबाची बिअर, मागवल्या. अर्ध्या लिटरचा जाड काचेचा मग, बाहेरून घाम फुटलेला, वर दोन बोटं फेस. मला बिअरचा कडूपणा कधीच झेपला नाही, पण ही प्यायलो आणि अंगातलं ऊन उतरल्यासारखं वाटलं. आंबट, गोडसर, आणि मागून हलकीशी बिअर.

आता नागपुरात मे चालू आहे, जास्त सांगायला नको. गेल्या रविवारी घरीच करून बघितली. स्ट्राँग बिअर ग्लासात ओतली, दोन लिंबं चांगली दाबून पिळली, वर चिमूटभर काळं मीठ टाकलं. फेस भसकन उतू जाऊन टेबलभर झाला आणि खाली उरलं ते सपक आणि कडूजहर. बायकोने एक घोट घेऊन ग्लास परत माझ्याकडे सरकवला.

पंधरा दिवसांनी लेक-जावई येताहेत. त्यांना इथे ती चव द्यायची मनापासून इच्छा आहे. कुठली बिअर घ्यावी, लिंबाचं काय करावं, कुणी सांगेल का?

इसारकाठ
काका, म्युनिकमध्ये नऊ वर्षं काढलीत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. पहिली गोष्ट: रॅडलरमध्ये लिंबू पिळलेलं नसतंच. अर्धी फिकी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड, गॅसवालं लेमोनेड, बस. तुमचं बिनसलं ते इथेच. नुसत्या रसात साखरही नाही आणि गॅसही नाही, त्यामुळे तो बिअरला फक्त आंबट करतो. लिंबू दाबून पिळलं की सालीतलं तेलही उतरतं. ते कडवट लागतं, शिवाय फेस मारतं. इथले जुने लोक गव्हाच्या बिअरमध्ये लिंबाची फोड टाकू देत नाहीत ते त्यामुळेच. आणि मिठाचा दाणा पडला की सगळा गॅस एकदम त्याच्याभोवती गोळा होऊन बाहेर येतो.

दुसरं म्हणजे स्ट्राँग नकोच. इथली हेलेस, म्हणजे फिकी बिअर, साधारण 5 टक्के अल्कोहोलची असते, निम्मी केली की अडीच. भरदुपारी सायकलवाल्याला ती चालते ती म्हणूनच. रॅडलर म्हणजे सायकलस्वार. म्युनिकच्या दक्षिणेला डायझेनहोफेनला कुगलर आल्म नावाचं बिअरगार्डन आहे. 1922 साली एका शनिवारी तिथे सायकलवाल्यांची झुंबड उडाली, बिअर संपत आली, तेव्हा मालक फ्रान्त्स क्सावेर कुगलर यांनी पडून राहिलेलं लेमोनेड तिच्यात मिसळून वेळ मारून नेली, अशी गोष्ट सांगतात. नाव मात्र त्याच्या आधीच्या छापील मजकुरातही सापडतं, तेव्हा गोष्ट गोष्टीसारखीच ऐकायची. हॅम्बुर्गला गेलात तर हेच मिश्रण आल्स्टरवासर म्हणून मागा, स्पेनमध्ये क्लारा.

घरी करताना माझी पद्धत अशी: दोन्ही बाटल्या कडक गार. ग्लास तिरपा धरून आधी लेमोनेड अर्ध्यापर्यंत, मग त्याच तिरप्या ग्लासात काठावरून हळू बिअर. शेवटच्या दोन बोटांना ग्लास सरळ करायचा म्हणजे फेस येतो. चमच्याने ढवळायचं नाही, ओतण्यातच मिसळतं.

ओली_कैरी
वरच्याशी सहमत. फक्त नागपुरात जर्मन लेमोनेड कुठून आणणार? मी घरीच करते, कारण बाटलीतले लिंबू सोडे मला फार गोड होतात. दोन कागदी लिंबांचा रस अलगद पिळून गाळायचा, त्यात तीन मोठे चमचे साखरेचा पाक, आणि आयत्या वेळी 200 मिली गार साधा सोडा. आपलं कागदी लिंबू युरोपातल्या पिवळ्या लिंबापेक्षा बरंच जहाल, त्यामुळे पाकात हात आखडू नका. बिअरला भिडल्यावर गोडी निम्मी होते, म्हणून लेमोनेड नुसतं पिऊन बघाल तेव्हा ते थोडं जास्तच गोड लागायला हवं. माझं जमायला तीन उन्हाळे गेले, आणि तिन्ही वेळा चूक साखरेचीच होती.

बिअर ‘माइल्ड’ लिहिलेली, 5 टक्क्यांपर्यंतची. 8 टक्क्यांची निम्मी केली तरी 4 टक्के राहते आणि तिची ती उग्र चव लिंबाने झाकत नाही.

पेडण्याची_माया
गोव्यात सध्या दिवस उराकाचे. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, लिंबू सोडा, लिंबाची फोड, मीठ आणि मधे चिरा दिलेली हिरवी मिरची. बिअर नव्हे, पण मार्च ते मे आमची तहान त्यावरच भागते. लेक-जावयाला घेऊन या.

बाटलीवाला
खरेदीबद्दल एक. दुकानाच्या काउंटरवर उन्हात मांडलेली हिरवी किंवा पांढऱ्या काचेची बाटली घेऊ नका. उजेडाने हॉप्समधला (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडू अंश बदलतो आणि बिअरला कुबट वास लागतो, लिंबू घालूनही जात नाही. तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या. गार करायला फ्रीजरमध्ये टाकून विसरण्यापेक्षा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला, वीसेक मिनिटांत काम होतं.

आणि किंगफिशर रॅडलर नावाची बाटली दिसली तर लेबल वाचा, ती बिनअल्कोहोलची आहे. वाईट नाही, माझी आई आवडीने पिते.

मुठेकाठची_मीरा
पुण्याला येणं झालं तर एखाद्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या ठिकाणी, बेल्जियन विट मागून बघा. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, दुलाली, 2009 मध्ये पुण्यातच सुरू झाली. विट ही गव्हाची बिअर, संत्र्याची साल आणि धणे घालून केलेली. लिंबू नाही, पण कडूपणा कमी, त्यामुळे तुम्हाला रुचेल. नागपूरच्या माणसाला संत्र्याचं वेगळं काय सांगू!

काळजीपोटी एक लिहिते. पंचेचाळीस अंशांत बाहेरून आल्यावर आधी दोन ग्लास पाणी प्या, मग बिअर. बिअरने तहान भागल्यासारखी वाटते, पण लघवीवाटे पाणी जातच राहतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर 250 मिली गोड लिंबू सोड्यात 20-25 ग्रॅम साखर असते हेही धरा. नंतर गाडी चालवायची नाही, कितीही हलकी असली तरी.

वाळ्याचा_कूलर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ओली_कैरी ताईंच्या प्रमाणाने केली. बादली अंगणात ठेवली, बाटल्या ओल्या टॉवेलने पुसल्या, ग्लास तिरपा धरला. लेमोनेड आधी, बिअर नंतर. फेस बरोबर दोन बोटं आला आणि पाचेक मिनिटं टिकला.

बायकोने या वेळी ग्लास परत दिला नाही. म्हणाली, लिंबू अजून अर्धं चाललं असतं.

इसारकाठ, लेकीला फोटो पाठवला. ती विचारते, गव्हाच्या बिअरमध्ये लेमोनेड घालतात त्याला काय म्हणतात? तिने एकदा घेतली होती, नाव विसरली.

इसारकाठ
काका, ती ‘रुस’. मगात पिवळी आणि गढूळ दिसते. तुमच्याकडे गव्हाची बिअर मिळाली तर तीही याच पद्धतीने होईल, फक्त शेवटचे दोन घोट बाटलीतच गोल फिरवून मग ओता, तळाचं यीस्ट वर येऊ द्या.