एखादं इंद्रिय साथ सोडतं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

२०१९ साली कोजागरीनंतर दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. नेहमीप्रमाणे उजव्या कानाला लावला, तर पलीकडे काहीच नाही. फोन बिघडला असं वाटून डाव्या कानाला नेला, तर बहीण स्वच्छ बोलत होती. रात्री झोपताना दोन्ही कान शाबूत होते. दुखलं नाही, ताप नाही, पाणी गेलं नाही.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहतो, दवाखाना चार पावलांवर. तिथे सांगितलं की सर्दीने कान बसलाय, मळही असेल, थेंब घाला. घातले. मग दिवाळी आली, फराळ, पाहुणे, म्हणून आणखी थांबलो. एकविसाव्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळावर मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठल्या कानात येतोय? डाव्या, म्हणजे चांगल्या. मळाने कान बंद असता तर तो आवाज बंद कानातच मोठा आला असता. चांगल्या कानात येतोय म्हणजे बिघाड आत आहे. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, तेच निघालं. अचानक येणाऱ्या या बहिरेपणात स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त, पहिल्या दोन आठवड्यांत सर्वात जास्त. माझे ते दोन आठवडे थेंब घालण्यात गेले. नंतर कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही घेतली. कान परत आला नाही.

हा चर्चेचा धागा काढण्याचं पहिलं कारण हेच. एका रात्रीत कान बंद झाला तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. सण असो, लग्न असो.

दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे. एक कान गेला म्हणजे आवाज निम्मा, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात गेली ती दिशा. एकच आवाज दोन कानांवर पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, मेंदू तेवढा फरक मोजतो आणि आवाज कुठून आला ते सांगतो. माझ्याकडे मोजायला दुसरं टोकच नाही. बायको स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मी गॅलरीत जाऊन बघतो. राम मारुती रोडवर मागून हॉर्न वाजला की जागच्या जागी थबकतो, कारण कुठल्या बाजूला सरायचं ते कळत नाही. गडकरी नाट्यगृहात नाटक असलं की उजव्या टोकाची खुर्ची मागतो, म्हणजे डावा कान रंगमंचाकडे राहतो. आणि गेलेल्या कानात शांतता आहे म्हणावं, तर तिथे सहा वर्षं एक रातकिडा बसलाय. त्याला सुट्टी नाही.

तुमचं काय गेलं, आणि त्याच्याबरोबर तुम्हाला वाटलं नव्हतं असं आणखी काय गेलं, ते लिहा. नाव नको, फक्त राहता तो भाग. डॉक्टरांची, दवाखान्यांचीही नावं नकोत.

तुर्भे

माझं आयुष्य मसाला मार्केटमधल्या गाळ्यावर गेलं. ३१ वर्षं. पोत्याचं तोंड उघडलं की ब्याडगी मिरची यंदाची आहे की शीतगृहातली जुनी, ते हात न लावता सांगायचो. धणे कुबटले असतील तर दोन पावलांवरून कळायचं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोना झाला. चौथ्या दिवशी चहा प्यालो तर नुसतं गोड गरम पाणी. सगळे म्हणत होते तसं मीही म्हणालो, चव गेली. पण साखर गोड लागत होती, लोणचं खारट-आंबट लागत होतं. गेला होता तो वास. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा वाटा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो, हे मसाल्याच्या धंद्यातल्या माणसाला ५३व्या वर्षी कळलं.

सगळ्यात विचित्र होती मिरची. पोतं उघडलं की ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी, नाक वाहायचं, आणि मिरची मात्र नाही. डॉक्टरांनी सांगितलं, झोंबणं कळवणारी नस वेगळी, वास कळवणारी वेगळी. पहिली तुमची ठणठणीत आहे. दारावर कुणीतरी धडाधडा हात मारतंय आणि उघडून बघावं तर कुणी नाही, तसं वाटायचं मला.

जुलैत वास परत आला, पण वाकडा. कांदा-लसणाची फोडणी म्हणजे जळका टायर. कॉफी आणि अंडंही तसंच. ताटावरून उठून जायचो. बायकोने पाच महिने घरात कांदा-लसूण आणला नाही आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. मी तिला याबद्दल कधी नीट काही म्हणालो नाही. आज हे लिहून झालं की तिला वाचायला देणार आहे.

मग वासाचा सराव केला. २००९ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी अभ्यास करून मांडलेली ही पद्धत आहे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास काही सेकंद घ्यायचा, निदान १२ आठवडे. लवंग माझ्याच गाळ्यातली. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, तेच खरं काम. मी लवंगेला आई दाढदुखीवर लावायची तो तेलाचा बोळा आठवायचो. करोनात मार मुख्यतः बसतो तो वासाच्या पेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशींना, म्हणून आशा सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. १२ आठवडे झाले, मी थांबलो नाही. चौदाव्या महिन्यात लवंग आली. गाळ्यात कुणी नव्हतं, म्हणून बरं झालं.

त्यानंतर लिंबू आलं, वेलची आली. हिंग अजून आलेला नाही. आता माल मुलगा हुंगतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून भाव बोलतो.

कळवा

तुर्भ्याचे काका, तुमचं वाचून हात थरथरला. माझाही वास गेलाय, पण अपघाताने. २०२२ मध्ये स्कूटरवरून मागे पडले, डोकं आपटलं. हाड मोडलं नाही, टाके दोन. वास गेलाय हे आठवडाभर कळलंच नाही, कारण सगळं लक्ष डोकेदुखीकडे. नाकाच्या छताला चाळणीसारखं भोकं असलेलं हाड असतं, त्यातून वासाचे तंतू वर मेंदूकडे जातात. डोक्याला हिसका बसला की ते तिथेच तुटतात.

मुलगी अपघातानंतर झाली. सगळ्या म्हणतात, बाळाच्या टाळूचा वास घे, काय गोड असतो. मी नाक लावते. ऊब कळते, मऊपणा कळतो. आता ती दीड वर्षाची आहे.

एक विचारायचं होतं. गॅस गळला तर कळणार कसा? रात्री तीनदा उठून बटणं बघते.

नौपाडा (धागाकर्ता)

कळव्याच्या ताई, गळतीचा अलार्म मिळतो, भिंतीवर लावायचा. गॅसला मुळात वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे ती सोय नाक असलेल्यांसाठीच केलेली आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीजवळ हवा. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून छताजवळ. घेताना कुठला गॅस आहे ते नक्की सांगा.

ऐरोली

वय ६८. शाळेत भूमिती शिकवली. चार वर्षांपूर्वी नातवाला घेऊन खाडीवर रोहित पक्षी बघायला बोटीत गेलो होतो. सगळा थवा एकदम उठला. नातू ओरडला, आजोबा, वर बघा, वर! मला समोरचं पाणी तेवढं दिसत होतं. मान पुरती मागे टाकली तेव्हा शेवटचे काही दिसले.

त्याआधी वर्षभर कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटत होतं. धांदरटपणा म्हणून सोडून देत होतो. निदान काचबिंदू. यंत्रात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळे ठिपके टिपले. कागद बाहेर आला तर दोन्ही डोळ्यांचा वरचा भाग काळा.

लोक विचारतात, मग तिथे काळं दिसतं का? नाही. काळं दिसलं असतं तर मी पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो असतो. मेंदू आजूबाजूचं आकाश, आजूबाजूची भिंत पसरून ती जागा भरून टाकतो. चित्र पुरं दिसतं आणि खोटं असतं.

गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. भावंडांना धोका जास्त असतो म्हणून बहिणीला बळेच तपासायला नेलं. तिच्याही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, पण नजर शाबूत होती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नये. दाब आणि डोळ्याची नस तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

घणसोली

मी २९ वर्षांची. लहानपणी संध्याकाळी खेळताना पडायचे तर घरचे म्हणायचे, गाजर खा, पालेभाजी खा. १७व्या वर्षी कळलं की रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. अंधारात बघणाऱ्या पेशी आधी जातात, मग कडेची नजर आत आत येत जाते. आता समोर बांगडीएवढं वर्तुळ उरलंय, त्यातलं मात्र स्वच्छ दिसतं.

त्रास नेमका इथेच होतो. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर मी पांढरी काठी टेकत येते, गाडीत बसते आणि फोनवर मेसेज वाचते. मागून कुणीतरी म्हणतंच, बघ, आंधळेपणाचं नाटक. एका काकूंनी तर काठी हातातून ओढली होती. पूर्ण आंधळं आणि पूर्ण डोळस यांच्या मध्ये माणसं राहतात, हे लोकांच्या डोक्यात बसतच नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही ४० टक्के अपंगत्वापासून पुढच्यांना सवलती दिल्यात, शंभरच हवेत असं म्हटलेलं नाही.

काठी घ्यायला मीच तीन वर्षं घेतली. आई म्हणायची, लग्न जमेपर्यंत नको. मग रबाळ्याला गाडी आणि फलाटामधल्या फटीत पाय गेला. दुसऱ्या दिवशी आई स्वतः बरोबर आली काठी आणायला.

आणि 'तुझे कान तीक्ष्ण झाले असतील ना' असं विचारू नका. कान तेच आहेत. लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष देऊन संध्याकाळपर्यंत माणूस दमून जातो. मदत करायची असेल तर दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर पुढे करा, मी धरते.

कोपरी

स्पर्श गेला तर चालेल का इथे? मधुमेह २२ वर्षं. आधी तळव्याला मुंग्या, मग कापसावर चालल्यासारखं. एकदा एक चप्पल वाटेत निसटली आणि घरी आल्यावर मुलीने दाखवलं. तेव्हा हसलो. पुढच्या चैत्रात कोपिनेश्वराला अनवाणी प्रदक्षिणा घातल्या, दुपारची वेळ, फरशी तापलेली. रात्री चादरीला पाणी लागलं म्हणून बघितलं तर तळव्याला हे मोठे फोड. दुखलं काहीच नव्हतं. जखम भरायला चार महिने लागले.

डॉक्टर नायलॉनचा एक जाड दोरा तळव्यावर टेकवतात, तो वाकतो तेव्हा बरोबर १० ग्रॅम दाब पडतो. मला दहापैकी तीन ठिकाणी कळला. आता रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघतो. अंघोळीचं पाणी कोपराने तपासतो. देवळात मोजे घालून जातो, पुजाऱ्यांना सांगून ठेवलंय.

वाशी

माझं नाही, सासऱ्यांचं. वय ७९. घरात सगळे म्हणायचे, बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं. मीही म्हणायचे, त्याचं आज वाईट वाटतं. वयाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. अ, आ, ओ ऐकू येतात; स, श, फ निसटतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आम्ही ओरडायचो. ओरडून स्वर मोठे होतात, स-श तसेच राहतात. त्यांना फक्त आमचा राग पोचायचा. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की निम्मं काम होतं.

यंत्र लावल्यावर पहिले दोन आठवडे ते वैतागले होते. भांडी, पंखा, वर्तमानपत्राचा कागद, सगळंच अंगावर यायचं. आता सवय झाली.

कळवा

अलार्म लावला. पाइपचा गॅस आहे, म्हणून वर, छताजवळ. काल रात्री एकदाच उठले.

तुर्भ्याचे काका, तुमच्यासारखा सराव सुरू केलाय. तंतू तुटले असतील तर आशा कमी, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. लवंग, लिंबू, निलगिरी घेतली. गुलाबाच्या जागी मुलीच्या डोक्याला लावते ते खोबरेल ठेवलंय. आज नववा दिवस. अजून काही नाही.