माजी सैनिकाच्या जन्मतः दिव्यांग मुलाचे कुटुंब निवृत्तिवेतन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि पालकत्व : मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : धाकट्याची ताई, सातारा

नमस्कार. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून आज त्यांचे वय ७४ आहे. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. त्याला जन्मतःच सेरेब्रल पाल्सी असून बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. त्याला भरवण्यापासून कूस बदलून देण्यापर्यंत सारे काही आई करत असे. ती गेल्या वर्षी गेली. आता बाबा रोज सकाळी त्याला खुर्चीत बसवून त्याची दाढी करून देतात, पण त्यांचा स्वतःचाच हात हल्ली थरथरतो, आणि ते पाहिले की पुढच्या काळजीने माझा जीव कासावीस होतो.

एका कार्यालयात चौकशी केली, तेव्हा "मुलगा २५ वर्षांचा झाला की त्याचा हक्क संपतो" असे सांगून आम्हाला परत पाठवले. हे खरे आहे का? शिवाय बाबांच्या डिस्चार्ज बुकमध्ये (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या नोंदपुस्तिकेत) भावाचे घरी हाक मारायचे नाव लागले आहे, तर आधार कार्डावर पाळण्यातले नाव आहे. बाबांच्या पश्चात त्याला निवृत्तिवेतन आणि औषधोपचार मिळावेत, यासाठी आत्ता काय करावे लागेल?

उत्तर १ : निवृत्त सुभेदार (लिपिक)

ताई, जय हिंद. तुम्हाला दिलेली माहिती चुकीची आहे. २५ वर्षांची अट धडधाकट अपत्यांसाठी आहे. जे अपत्य शारीरिक किंवा मानसिक दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नाही, त्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळते. तुमच्या मातोश्री आज नाहीत, त्यामुळे वडिलांच्या पश्चात हा हक्क थेट भावाकडे येईल.

उत्पन्नाची अट मात्र आहे. पूर्वी इतर मार्गांनी मिळणारे मासिक उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई सवलत यांच्यापेक्षा अधिक असल्यास हक्क नाकारला जात असे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये ती अट शिथिल केली. आता ते उत्पन्न सर्वसाधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे सैनिकाच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई सवलत यांपेक्षा, कमी असले की पुरते. या बदलाचा लाभ ८ फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. त्यामुळे भावाच्या नावावर थोडीफार मुदत ठेव असली तरी तिच्या व्याजामुळे घाबरून जाऊ नका.

माझे कळकळीचे सांगणे एवढेच की, वडील हयात असतानाच भावाचे नाव दिव्यांग अपत्य म्हणून पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, नोंदवून घ्या. नोकरीच्या काळात मी अशी कितीतरी प्रकरणे हाताळली. वडील गेल्यानंतर "हा त्यांचाच मुलगा आणि तो जन्मापासून असाच आहे" हे भावंडांना कागदोपत्री सिद्ध करावे लागते, आणि त्यात वर्षे जातात. तेच वडिलांनी स्वतः सही करून अर्ज दिला, तर पुढचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. आधी नावाची दुरुस्ती करा. वडिलांचे प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला आणि आधार कार्ड जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज पाठवा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर केवळ टक्केवारी असून भागत नाही. दिव्यांगत्वामुळे ही व्यक्ती उपजीविका करण्यास असमर्थ आहे, असा स्पष्ट उल्लेख त्यात करून घ्या. हा उल्लेख राहून गेल्यामुळे परत आलेली प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत.

उत्तर २ : एक आई, पुणे

सुभेदारसाहेबांनी निवृत्तिवेतनाचे सविस्तर सांगितलेच आहे. मी पालकत्वाविषयी लिहिते, कारण माझी मुलगीही अशीच आहे आणि आम्ही या साऱ्यातून गेलो आहोत. आईवडील हे नैसर्गिक पालक असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंतच. त्यानंतर सही करू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमावा लागतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सोय केली आहे, त्यामुळे न्यायालयात जावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. तुमचे वडील स्वतः अर्ज करून त्यात पालक म्हणून तुमचे नाव सुचवू शकतात, आणि त्यांच्या वयाचा विचार करता तेच योग्य ठरेल.

आमच्या वेळी एका बँकेच्या शाखेने "न्यायालयाचा आदेश आणा" म्हणून तीनदा परत पाठवले होते. चौथ्यांदा मी समितीच्या प्रमाणपत्रासोबत कायद्याची छापील प्रतच समोर ठेवली, आणि मुलीच्या अंगठ्याला शाई लावून त्याच दिवशी खाते उघडून घेतले. पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून वही घाला.

उत्तर ३ : माजी सैनिक, कोल्हापूर

ईसीएचएसलाही तेच लागू आहे. अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाला २५ वर्षांची मर्यादा नाही. मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून त्याचे कार्ड करून घ्यावे लागते. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, नसेल तर ते आधी काढा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते आणि त्यात नियमित फिजिओथेरपीचाही समावेश आहे. भावाचे दिव्यांगत्व १०० टक्के नोंदले गेले असेल, तर केंद्रीय सैनिक मंडळाच्या मासिक अनुदानाविषयीही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अवश्य विचारा.

धाकट्याची ताई, सातारा

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. काल रात्री बाबांना हे सारे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी काही न बोलता पलंगाखालची काळी पत्र्याची ट्रंक ओढली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कागदांमध्ये भावाच्या जन्माच्या नोंदीच्या पार्ट टू ऑर्डरची (सैनिकाच्या कौटुंबिक नोंदींच्या लष्करी आदेशाची) प्रत सापडली. तिच्यावर घरचे नाव आहे, पण जन्मतारीख आधार कार्डाशी तंतोतंत जुळते. सोमवारी प्रतिज्ञापत्र करण्यासाठी आम्ही तहसील कार्यालयात जात आहोत. बाबांनी अर्ज स्वतःच्याच अक्षरात लिहायला घेतला आहे.